रस्त्याकडची खिडकी

आमची इमारत पाडायचे ठरले तेव्हा सोसायटीच्या सभेत टाळ्या वाजल्या. ठाण्यात नौपाड्यातली चाळीस वर्षांची चार मजली इमारत. लिफ्ट नाही, गच्ची गळते, पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला हात लावला की पोपडे हातात येतात. पुनर्विकासात लिफ्ट येणार, थोडी जास्त जागा मिळणार, शिवाय नवे घर ताब्यात येईपर्यंत बिल्डर भाडे देणार. मीही टाळ्या वाजवल्या आणि चौथ्या मजल्यावर येऊन ही बातमी सासूबाईंना सांगितली. त्या एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे गेल्या दीड वर्षात त्या चार वेळाच खाली उतरल्या होत्या. चारही वेळा खुर्चीत बसून, आणि ती खुर्ची दोघांनी उचलून.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "किती वर्षं लागतील म्हणतात?"

"तीन."

"म्हणजे माझी ब्याण्णव. बरं."

त्या 'बरं'नंतर मला माझ्या टाळ्यांची जरा लाज वाटली.

घरात आम्ही सहाजण. सासूबाई, हे, मी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू. बिल्डरने देऊ केलेल्या भाड्यात आमच्याच भागात सहा माणसांना पुरेल अशी जागा मिळेना. मिळाली तर लिफ्ट नाही, लिफ्ट असली तर शाळा लांब. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, त्यांना ठाणे सोडता येण्यासारखे नाही. आम्हा तिघांना मात्र ठाण्यात अडकवून ठेवणारे काही नव्हते. पेन्शन कुठल्याही गावात काढता येते. मग एखाद्या लहान गावात का राहू नये? हा विचार कोणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाला ते आता आठवत नाही. पण बोलताना आम्ही सगळेच जपून बोलत होतो. 'म्हाताऱ्यांनी वेगळे राहावे' असे कोणी म्हटले नाही. 'नाताळच्या सुट्टीत जरा गावं बघून येऊ' एवढेच म्हटले. अशा रीतीने आमची सहल ठरली.

मी अडतीस वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. बँकेत बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे बहुधा दुसरे राज्य. मला दोनदा बढती मिळत होती आणि दोन्ही वेळा मी ती नाकारली. मुलगा तेव्हा आजच्या नातवाएवढा होता. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांनी हेच केले. सेवापुस्तिकेत त्याची नोंद 'पदोन्नतीस नकार' एवढीच असते, कारणांचा रकाना नसतो. त्यामुळे हे नवे गाव म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली बदली, आणि तीही माझ्या पसंतीची, असे माझ्या मनाने घेतले होते. हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते.

बँकेतल्या सवयीप्रमाणे मी तक्ता केला. आडव्या ओळीत पाच गावे: वाई, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी, चिपळूण. उभ्या रकान्यांत घरभाडे, पाणी, वीज, दवाखाना, रेल्वे, हवा, ग्रंथालय. एकूण गुण शंभर. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात उमेद गेलेल्या बाईला यापलीकडे काय सुचणार!

सर्वांत हळू चालणाऱ्याचा नकाशा

प्रवासाची आखणी करायला बसलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कळले की सहा माणसांच्या डोक्यात सहा नकाशे आहेत. मुलाला रोज चारशे किलोमीटर कापायचे होते. ह्यांना वाटेतली देवळे हवी होती. सुनेला दुपारचे जेवण वेळेवर आणि स्वच्छ जागी हवे होते. नातवाला निदान एक किल्ला हवा होता. सासूबाईंना कोणी विचारलेच नाही. त्यांना गाडीत बसवायचे, एवढेच सगळ्यांनी धरून ठेवले होते.

नातवाने मध्येच विचारले, "मोठी आजीला शू लागली तर?"

आम्ही सगळे गप्प झालो. मग नकाशा पुसला आणि या एका प्रश्नावरून पुन्हा आखला. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे आणि ज्यांना असा प्रवास करायचा आहे, त्यांच्यासाठी आमची आखणी जरा सविस्तर सांगते.

दर दीड तासाने थांबायचे, कोणाला गरज असो वा नसो. दिवसात चार-पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, आणि मुक्कामाला उजेड असताना पोचायचे. थांबल्यावर सासूबाईंनी वॉकर घेऊन दहा पावले तरी चालायचे, नाहीतर पाय सुजतात. रक्तदाबासाठी त्या घेतात त्या लघवीच्या गोळीची वेळ आमच्या डॉक्टरांना विचारून प्रवासापुरती बदलून घेतली. ही गोष्ट कोणी आपल्या मनाने करू नये.

सात आसनी गाडीत सहा माणसे म्हटले की ऐसपैस वाटते. पण मागची रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही, हे गाडी दारात आल्यावर कळते. म्हणून बॅगा टपावर गेल्या आणि घडीची कमोडखुर्ची तेवढी मागे बसली. सासूबाई पुढच्या सीटवर. गाडी उंच, पाय वर येईना. तेव्हा सुनेने देवघरातला जुना शिसवी पाट आणून दाराखाली ठेवला. त्या पाटाने पुढचे आठ दिवस पायरीचे काम केले.

मुक्कामाच्या जागा ठरवताना फोनवर तीन प्रश्न विचारायचे: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का आणि बाथरूमचा उंबरठा किती उंच आहे. 'सगळी सोय आहे मॅडम' असे उत्तर आले की समजावे, प्रश्न कळलेला नाही. आम्ही बाथरूमचे फोटो मोबाइलवर मागवून घेतले. दोन ठिकाणे त्या फोटोंवरूनच बाद झाली.

खाण्यात दशम्या, मेतकूट, थर्मासमध्ये मऊ भात. नातवाला घाट लागतो म्हणून लिंबे आणि आवळासुपारी. औषधांच्या दोन सारख्या पिशव्या, एक गाडीत आणि एक सुनेच्या पर्समध्ये. आणि एका कागदावर सासूबाईंचे आजार, गोळ्या, रक्तगट आणि डॉक्टरांचा फोन. तो कागद मी त्यांच्यासाठी केला. वाटेत लक्षात आले की सत्तरीच्या ह्यांच्यासाठी आणि सहासष्ट वर्षांच्या माझ्यासाठीही तो हवा होता.

पाच गावे

एक्स्प्रेस वे, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, खंबाटकी घाट आणि सुरूर फाट्याला उजवीकडे, असे करत पहिल्या दिवशी चारच्या सुमारास वाईत पोचलो. वाई मला आधीपासूनच आवडते. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इथे बसून केले. लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय हवे? रेल्वे नाही, हा एक दोष. तिथे गुण कापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बंगल्याचा तळमजला बघितला. दोन झोपायच्या खोल्या, एक बैठक, स्वयंपाकघर. मागच्या खोलीच्या खिडकीतून झाडांपलीकडे नदीचा तुकडा दिसत होता. मी त्या खिडकीतच उभी राहिले. मालकीणबाई साठीच्या होत्या. त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली आणि "गुडघ्याला काय लावता?" म्हणून विचारले. मग दोघींचे तेलांविषयी बोलणे सुरू झाले.

नातू खोल्या मोजत हिंडत होता. तो येऊन म्हणाला, "आजी-आजोबा या खोलीत, मोठी आजी त्या खोलीत. मग आम्ही तिघं कुठे?"

सून म्हणाली, "आपण सुट्टीत येणार ना इकडे."

"म्हणजे ही सहल नाहीये," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

साताऱ्याला आम्ही जेमतेम अर्धा दिवस दिला. हवा उत्तम, मोठे दवाखाने जवळ. पण जी घरे आमच्या खिशाला परवडत होती ती चढावर होती. वॉकरला चढ चालत नाही.

कोल्हापुरात दवाखान्यांना पैकीच्या पैकी गुण. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुलाच्या दारात. एजंटाने दाखवलेले घरही प्रशस्त होते. "इथं पाणी येत नाही," असे त्याने न विचारता सांगितले, तेव्हाच मी सावध झाले. बाहेर पडून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारले. त्याने दुकानाच्या भिंतीवर कमरेच्या वर हात ठेवला. "एकोणीस साली एवढं होतं." पंचगंगेचे २००५, २०१९ आणि २०२१चे पूर तिथल्या माणसांनी असे भिंतींवर मोजून ठेवले आहेत. नदीकाठच्या गावात घर घेणाऱ्याने निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते आधी नकाशावर बघावे. आणि ज्याला आपल्याला काही विकायचे नाही अशा एका माणसाला विचारावे. वाईचा नदीचा तुकडाही मी त्या क्षणी मनातल्या मनात पुन्हा तपासला.

सावंतवाडीने सगळ्यांना जिंकले. मोती तलावाच्या काठचा संध्याकाळचा वारा, लाकडी खेळण्यांची दुकाने, राजवाड्यातली गंजिफा. नातवाचा राग लाकडी भोवऱ्याने थोडा उतरला. माझ्या तक्त्यात हे गाव पहिले आले. पण एक परीक्षा बाकी होती. रात्री नऊला मुलगा आणि मी गाडी काढली. बघितलेल्या घरापासून दवाखाना किती मिनिटांवर, औषधाचे दुकान उघडे असते का, ते प्रत्यक्ष जाऊन बघितले. दवाखाना दहा मिनिटांवर निघाला. मग औषधाच्या दुकानदाराला विचारले, "हृदयाचं काही झालं तर?" तो म्हणाला, "मग बांबोळी." म्हणजे गोव्याचे वैद्यकीय महाविद्यालय, साठ-सत्तर किलोमीटर. रात्री, पावसात. तिथली माणसे हे अंतर वर्षानुवर्षे कापत आली आहेत, त्यांची मुले-माणसे बरोबर असतात. आमच्या घरात गाडी चालवणारा माणूस मात्र ठाण्याला असणार होता.

तिथेच एकाने आम्हाला गावाबाहेर एक हिरवागार तुकडा दाखवला. छोटेसे घर बांधा, आंबे लावा. मी सातबारा मागितला. शेतजमीन निघाली. १९४८च्या कुळकायद्यानुसार महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. 'नंतर बिगरशेती करून देऊ' या वाक्यावर विसंबून फंडाचे पैसे अडकवून बसलेले निवृत्त ग्राहक मी माझ्या टेबलासमोर बघितले आहेत. जागेचा सौदा करताना निसर्ग बघावा, पण कागद आधी बघावा.

आंबोलीतला चहा

सावंतवाडीच्या आधी आंबोलीला जे घडले ते मी मुद्दाम मागे ठेवले, कारण खरी सहल तिथे सुरू झाली.

आजऱ्याकडून येऊन आम्ही घाटमाथ्यावर चहाला थांबलो होतो. पावसाळ्यात इथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या दिवशी मात्र ऊन कोवळे होते. वाई सोडल्यापासून नातू कोणाशी धड बोलत नव्हता. सासूबाई गाडीतच बसून बशीतून चहा पीत होत्या. त्यांनी बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाटणी करायची तर घरी बसून करायची गं. त्यासाठी एवढं पेट्रोल कशाला जाळायचं?"

"वाटणी कसली, आजी?" मुलगा म्हणाला.

"माणसांची. तीन इकडे, तीन तिकडे. पोराला कळलं, मला कळणार नाही?"

आता बोलण्याशिवाय गत्यंतर नव्हते. मुलगा म्हणाला, सहाजणांचे भाडे त्याला झेपत नाही. बिल्डरच्या भाड्यावर दरमहा किती घालावे लागतील त्याचा हिशेब तो तीन महिने रात्री करत होता. पण आईवडिलांना घराबाहेर काढले असे व्हायला नको, म्हणून तो गप्प होता. सून म्हणाली, आम्ही गेल्यावर शाळेतून आलेल्या मुलाला दार कोण उघडणार, या काळजीने तिला झोप येत नाही. हे म्हणाले, त्यांना कुठेच जायचे नाही. तलावपाळीवरची सकाळची मंडळी सोडून आपण जगू शकू असे त्यांना वाटत नाही. केवळ माझ्यासाठी ते गावे बघत होते.

मग माझी पाळी आली. जायचे मलाच होते. मुलाची अडचण खरी होती, पण मी तिच्या आड उभी राहून माझी राहून गेलेली बदली मागत होते. एक खोली, एक टेबल आणि सकाळचे चार तास. हे म्हणताना माझा आवाज फुटला. सासूबाई म्हणाल्या, "मग तसं सांगायचं. मी काय नाही म्हणणार होते? तू दोनदा बढती सोडलीस ते मला ठाऊक आहे. बँकेतून घरी फोन आला होता, मीच घेतला होता."

तीस वर्षे त्यांनी हे माझ्याजवळ बोलून दाखवले नव्हते, आणि मीही नाही.

'अगं' म्हणणारं कोणी

सावंतवाडी सोडून रत्नागिरीला मुक्काम करून आम्ही चिपळूणला आलो. सासूबाईंचे माहेर तिथून जवळच्या एका खेड्यात. त्यांना शेवटी तिकडेच राहावेसे वाटेल, असे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले होते. तक्त्यात चिपळूणला मी 'जिव्हाळा' म्हणून पाच गुण आधीच देऊन ठेवले होते.

शहरात २२ जुलै २०२१च्या पुराच्या आठवणी अजून ताज्या आहेत. वाशिष्ठीचे पाणी कुठवर आले होते ते कोणीही हात वर करून दाखवतो. खेड्यात मात्र सगळे शांत होते. माहेरच्या घराला कुलूप, पडवीचा एक कोपरा ढासळलेला, अंगणात तुळशीवृंदावन तेवढे उभे. भाचे मुंबईला आणि बंगळूरला. मुलाने पाट ठेवला, पण सासूबाई उतरल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी बराच वेळ बघितले.

"चला," त्या म्हणाल्या. "इथं मला 'अगं' म्हणणारं कोणी उरलं नाही."

रात्री लॉजवर मी तक्ता काढला आणि प्रथमच त्यांच्यासमोर ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो नीट वाचला. मग म्हणाल्या, "वाईचं ते घर बरं आहे."

मला आश्चर्य वाटले. "नदी दिसते म्हणून?"

"नदी घेऊन काय करू? नदी काय विचारपूस करणार आहे? मागची खोली तू घे, तुला लिहायला. मला पुढची दे, रस्त्याकडच्या खिडकीची. चौथ्या मजल्यावर दीड वर्षं मी नुसतं आभाळ बघितलं. मला माणसं बघायची आहेत."

मग त्यांनी अटी घातल्या. ह्यांनी महिन्यातून आठ दिवस ठाण्याला मुलाकडे राहायचे. तलावपाळीही होईल आणि नातवाला दारही उघडेल. बैठकीत नातवाचा पलंग आधी टाकायचा, बाकीचे सामान नंतर. आणि घर विकत घ्यायचे नाही.

ही शेवटची अट ऐकून मी मनातल्या मनात त्यांना बँकेत नोकरीला ठेवले. डिसेंबरात गाव बघणे म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम असतो. सगळे नेसून-सवरून बसलेले आणि पोहे गरम. खरा स्वभाव कळतो तो आषाढात, वीज गेल्यावर, कपडे वाळत नाहीत तेव्हा, रात्री दोनला डॉक्टर लागतो तेव्हा. म्हणून आम्ही अकरा महिन्यांचा भाडेकरार केला आहे, रीतसर नोंदणी करून. करारापूर्वी पूररेषा बघितली आणि पलीकडच्या किराणा दुकानदाराला पाण्याविषयी विचारले. त्याने हात वर केला नाही, नुसती मान हलवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जाणार. एक पावसाळा काढू. सासूबाईंना नाही मानवले तर परत येऊ. त्यासाठी ठाण्यात मुलाने घेतलेली भाड्याची जागा लिफ्टची आहे. लहान आहे, पण दोन अंथरुणे जास्तीची पडतील एवढी आहे.

हे सगळे जुळलेच आहे असे मी म्हणणार नाही. निघायचा दिवस जवळ येतो तशी सून जेवताना गप्प होते. नातू अजून 'तुमचं घर' म्हणतो, 'आपलं' म्हणत नाही. ह्यांनी तलावपाळीवर अजून सांगितलेले नाही. मला स्वतःलाही मधूनच भीती वाटते की टेबल मिळेल, सकाळचे चार तास मिळतील आणि लिहायला काही सुचणारच नाही.

त्या तक्त्यात मी आता एक रकाना वाढवला आहे. 'विचारपूस' असे त्याचे नाव. त्यात किती गुण द्यायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही. ते काम सासूबाईंकडे दिले आहे. परवा वाईच्या मालकीणबाईंचा फोन आला. समोरच्या घरातल्या आजी विचारत होत्या म्हणे, ठाण्याच्या त्या गुडघेवाल्या आजी कधी येणार. निरोप सांगितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाट विसरू नका." पावसाळा कसा गेला ते यथावकाश कळवीनच.